भाव सांगा आणि थांबा

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. चार वर्षांपासून दवाखान्यांसाठी स्क्रब (डॉक्टर-परिचारिकांचे कामाचे कपडे), शस्त्रक्रियेचे गाऊन आणि चादरी शिवून देते. माझ्याकडे चार बायका कामाला आहेत. काम चांगले आहे असे डॉक्टर सांगतात, पण मी मुळातच अबोल आहे. भाव सांगताना जीभ अडखळते आणि समोरच्याने काही म्हणायच्या आधीच मी तो कमी करून मोकळी होते. गेल्या महिन्यात स्क्रबच्या जोडाचे ७५० रुपये सांगितले आणि दुसऱ्याच वाक्यात ६८० वर आले. एका रुग्णालयाकडे ४८ हजार रुपये पाच महिन्यांपासून अडकले आहेत, मला फोन करवत नाही. महिला उद्योजकांच्या एका बैठकीत स्वतःची ओळख करून द्यायची होती, तर नावापुढे शब्द फुटला नाही. हल्ली धाकटे दीर माझ्या वतीने बोलायला जातात. घरचे म्हणतात, धंदा बोलक्या माणसाचा असतो, तू शिवण्यापुरती ठीक आहेस. आता एका नव्या नर्सिंग होमला १५० जोड हवे आहेत. ते ६५० रुपये म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात उत्तर मागतात. भावजींना पाठवू की स्वतः जाऊ? आणि हा स्वभाव बदलता येतो का?”

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातील एक प्रसंग मी वर घेतला नाही, पण उत्तराला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. रामदासपेठेतील एका शल्यचिकित्सक बाईंशी तुम्ही स्क्रबच्या खिशावर पाऊण तास बोललात. खिसा छातीवर असला तर वाकताना पेन खाली पडते, कमरेच्या बाजूला असला तर खाटेच्या दांड्याला अडकतो, म्हणून तो मांडीवर किंचित तिरका घ्यावा, हे तुम्ही त्यांना कागदावर काढून दाखवले आणि त्यांनी आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी तसेच स्क्रब मागवले. एका अनुभवी डॉक्टरला तिच्याच रोजच्या कपड्याबद्दल जी बाई नवीन काही पटवून देऊ शकते, तिला बोलता येत नाही हे मी मान्य करणार नाही. तुम्हाला अडते ते फक्त पैशाचे बोलणे, आणि त्याचा दोष तुम्ही सरसकट स्वभावावर टाकला आहे.

या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. अंतर्मुख माणसाला गर्दीत थकवा येतो, बोलण्याआधी विचार करायला अवधी लागतो, दहा जणांपेक्षा एकाशी बोलणे बरे वाटते. हे सारे जन्मभर तसेच राहिले तरी धंद्याचे फारसे बिघडत नाही. पैसे मागण्याचा संकोच मात्र शिकवलेला असतो. ओळखीत ब्लाउज शिवून देणाऱ्या बाईला “घरचेच तर आहोत, तुला काय पैसे द्यायचे” हे हसत ऐकवले जाते आणि तिनेही ते हसत ऐकावे अशी अपेक्षा असते. अखंड बडबड करणाऱ्या, चारचौघांत हशा पिकवणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, ज्या भाव विचारला की “द्या काय द्यायचे ते” म्हणून मान खाली घालतात. तेव्हा तुम्ही उद्या बोलक्या झालात तरी ७५० चे ६८० होणे आपोआप थांबेल, असे समजू नका.

घरच्यांच्या मतालाही थोडे उत्तर द्यायला हवे. ॲडम ग्रँट या अमेरिकी संशोधकाने २०१३ मध्ये कॉल सेंटरमधील विक्री प्रतिनिधींचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात सर्वाधिक विक्री अतिशय बोलक्यांची निघाली नाही. अगदी अबोल लोकही पुढे नव्हते, मधल्या स्वभावाचे लोक पुढे होते. म्हणजे अबोलपणा ही छुपी दैवी देणगी आहे, असे जे हल्ली ऐकवले जाते तेही पूर्ण खरे नाही. तुम्हाला थोडे पुढे सरकावे लागेल, पण बोलकेपणाचे टोक गाठण्याची गरज नाही. दुसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडली, ती तुमच्या अधिक उपयोगाची आहे. आपल्याला अमुक काम जमेल हा विश्वास सर्वांत भक्कमपणे येतो तो ते काम प्रत्यक्ष पार पाडल्याने. दुसऱ्याचे पाहून किंवा कोणी धीर दिल्याने येणारा विश्वास त्यामानाने कच्चा असतो. म्हणून मी तुम्हाला धीर देत बसणार नाही. पार पाडता येतील अशी काही कामे सांगते.

पहिले काम हिशेबाचे. पत्रासोबत तुम्ही खर्चाचा जो कागद पाठवला आहे, त्यात एका जोडाला सव्वातीन मीटर कापड १२० रुपये मीटरने म्हणजे ३९० रुपये, शिलाई १३०, दोरा, इलॅस्टिक आणि लेबल मिळून २५, इस्त्री व पॅकिंग १५, असे ५६० रुपये धरले आहेत. यात कटिंगमध्ये वाया जाणारे कापड आणि परत आलेले नग कुठे आहेत? पाच टक्के धरले तरी २८ रुपये होतात. विजेचे बिल, मशीनची झीज, गांधीबागेच्या कापडबाजाराच्या फेऱ्या आणि मुख्य म्हणजे कटिंग करणाऱ्या, मापे घेणाऱ्या तुमची स्वतःची मजुरी यांचे किमान ६० रुपये धरले, तर जोड ६४८ रुपयांना पडतो. म्हणजे ७५० ला सुटणारे १०२ रुपये ६८० ला ३२ वर येतात. भाव सव्वानऊ-साडेनऊ टक्क्यांनी उतरला असे वाटते, प्रत्यक्षात नफ्याचा दोन-तृतीयांशाहून मोठा भाग त्या एका वाक्यात गेला. हा आकडा समोर नसल्यामुळेच सत्तर रुपये सोडणे तुम्हाला भिडस्तपणाची स्वस्त किंमत वाटते. कागदावर तुमची मजुरी लिहिलेली नसणे हीच मला खरी अडचण दिसते. जे स्वतःच्याच हिशेबात नाही, ते समोरच्याकडे मागणार कसे?

तेव्हा प्रत्येक वस्तूचे दोन भाव घरी, शांतपणे ठरवा: एक सांगायचा आणि एक ज्याच्या खाली जायचे नाही असा. सांगायचा भाव छापील कोटेशनवर घाला, त्यावर तारीख आणि “भाव ३० दिवस लागू” असे लिहा. तुमच्यासारख्या व्यक्तीला याचा मोठा आधार होतो, कारण ग्राहकासमोर बसल्यावर भाव सुचावा लागत नाही, कागद पुढे सरकवला की काम होते. आणि मग थांबा. भाव सांगितल्यानंतर दोन-चार क्षण जी शांतता पसरते ती तुम्हाला नकारासारखी वाटते आणि ती भरून काढायला तुम्ही सूट देऊन टाकता, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. समोरचा बहुधा मनात गुणाकार करत असतो. त्याला तो करू द्या. एरवी गप्प राहणे तुम्हाला सहज जमते, नेमके इथेच ते मोडू नका. कमी करायचेच झाले तर बदल्यात काहीतरी घेऊन कमी करा: मोठी मागणी, आगाऊ रक्कम किंवा खिशावरच्या नावाच्या भरतकामाला फाटा. “कुछ तो कम करो मॅडम” हे आपल्या इतवारी-गांधीबागेतल्या व्यवहाराचे सवयीचे वाक्य आहे, ते जवळपास प्रत्येकाला ऐकावे लागते. त्याला हिंदीत उत्तर देण्याचे दडपण येत असेल, तर खुशाल मराठीत द्या, नागपुरात ते न समजणारा व्यापारी शोधावा लागेल.

दुसरे काम तुम्हाला आवडेल, कारण त्यात माणसांशी बोलायचे नाही. शस्त्रक्रियेच्या गाऊनसाठी तुम्ही सुती कापड वापरता. त्या प्रत्येक ताग्यातून अर्ध्या मीटरहून थोडा मोठा तुकडा कापा, त्यावर गडद दोऱ्याने ५० सेंटिमीटरचा चौकोन धावदोऱ्याने आखा आणि तो तुकडा एखाद्या ओळखीच्या दवाखान्याच्या धुलाईत पाच वेळा घालून आणा, म्हणजे त्यांच्या ब्लीचमधून आणि वाफेने निर्जंतुक करणाऱ्या १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमधून तो जाऊन येईल. मग चौकोन मोजा. ५० चे साडेअठ्ठेचाळीस झाले तर कापड तीन टक्के आटले, म्हणजे १२० सेंटिमीटर लांबीचा गाऊन साडेतीन सेंटिमीटरने आखूड होणार, आणि कटिंगमध्ये तेवढे आधीच सोडायला हवे. धुतलेला आणि कोरा असे दोन्ही तुकडे एका फाइलमध्ये शेजारी शेजारी लावा, खाली ताग्याचा तपशील, तारीख आणि मोजमाप लिहा. ती फाइल रुग्णालयाच्या खरेदी विभागाच्या टेबलावर उघडून ठेवली की पुढच्या दहा मिनिटांच्या प्रश्नोत्तरांचा विषय तुमचे कापड होतो, तुम्ही राहत नाही. स्वस्त माल विकणाऱ्याकडे बोलण्याची हातोटी असेल, धुतलेला तुकडा असण्याची शक्यता कमी.

आता अडकलेल्या ४८ हजारांविषयी. फोन करवत नसेल तर करू नका, लिहा. कायद्याच्या दृष्टीनेही लिहिलेले अधिक कामाचे आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करारातल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करारच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. हे संरक्षण मिळवण्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, हवी. ती २०२० पासून आधारच्या आधारे ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही, तेव्हा पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. तुमची नोंदणी आहे की नाही हे पत्रात नाही. नसेल तर आजच करा, कारण माल दिल्यानंतर केलेल्या नोंदणीवर आधीच्या बिलांसाठी हक्क सांगताना वाद उद्भवतात. चलानावर माल घेणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख आहे का तेही पाहा. माल स्वीकारल्याचा दिवस त्यावरून ठरतो, आणि माल पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी तक्रार आली नसेल तर तो स्वीकारला असेच कायदा धरतो. आयकर कायद्यातही २०२३ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली आहे की मुदत उलटून दिलेल्या रकमेची वजावट ग्राहकाला रक्कम प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. मार्च जवळ आला की रुग्णालयाच्या हिशेबनिसाला ही गोष्ट तुमच्यापेक्षा चांगली आठवते.

पत्र चार ओळींचे असावे. बिल क्रमांक, तारीख, रक्कम; माल अमुक दिवशी मिळाल्याची पोच आहे; मुदत संपली आहे; पुढील पंधरा दिवसांत रक्कम जमा करावी, अन्यथा अधिनियमातील तरतुदींनुसार व्याजासह मागणी करावी लागेल. राग, विनवणी, घरची अडचण यांपैकी काहीही त्यात आणू नका. ते ईमेलने पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने. दाद मिळाली नाही तर या कायद्याखाली थकीत रकमांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. तो मार्ग लांबतो आणि तो ग्राहक पुन्हा तुमच्याकडे येण्याची शक्यताही मावळते, हे लक्षात घेऊनच तिकडे वळा. बऱ्याच वेळा पहिल्या पत्रानेच बिलाची फाइल हलते. यापुढे मात्र प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि “३० दिवसांत देय” ही ओळ छापून घ्या. पहिल्या दिवशी छापलेली अट पाचव्या महिन्यात तोंडाने सांगावी लागत नाही.

भावजींच्या मदतीबद्दल मला थोडे काळजीने लिहावेसे वाटते. ते आपुलकीने करतात यात शंका नाही, पण ते बोलायला गेले की ग्राहकाची समजूत अशी होते की भाव त्यांच्या हाती आहे, आणि पुढच्या वेळी तो तुम्ही सांगितलेल्या भावावर “साहेबांशी बोलतो” म्हणून उठतो. शिवाय त्यांना कापडातले कळत नसल्यामुळे वजन टिकवायला त्यांच्याकडे सूट देण्यापलीकडे काही उरत नाही. माल पोहोचवणे, चलानावर सही घेणे, चेक आणणे ही कामे त्यांच्याकडे राहू द्या, भाव आणि अटी फक्त तुमच्याकडून जातील असे घरातच एकदा ठरवून घ्या. सासूबाईंसमोर हे कसे मांडावे असे तुम्ही विचारले आहे. वर दिलेला १०२ आणि ३२ चा हिशेब त्यांना दाखवा. संसार चालवलेल्या बाईला तो समजावून सांगावा लागत नाही.

बैठकांचे म्हणाल तर प्रत्येक बैठकीला गेलेच पाहिजे हे खूळ सोडून द्या. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनची सिव्हिल लाइन्समध्ये महिला उद्योजकांसाठी स्वतंत्र शाखा आहे, तिथे किंवा अशाच एखाद्या ठिकाणी नियमित जा आणि बाकीची निमंत्रणे निःसंकोच नाकारा. गर्दी जमण्याआधी पोहोचा, कारण रिकाम्या सभागृहात दोघींशी नीट बोलता येते. ओळखीची दोन वाक्ये तयार ठेवा: “मी दवाखान्यांचे कपडे शिवते. वारंवार धुवून गाऊन आटतो, रंग उडतो, अशी तक्रार असेल तर मला सांगा.” याहून जास्त बोलण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघींना संदेश पाठवा, तो तुम्ही उत्तम लिहाल. गांधीबागेची खरेदी आणि दवाखान्याची भेट एकाच दिवशी ठेवू नका; बाजारातून दमून आलेली तुम्ही संध्याकाळी भाव टिकवू शकत नाही, हेही तुमच्याच पत्रात आहे.

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत सरकारी खरेदीकडेही पाहा. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून आणि त्यातच ३ टक्के महिलांच्या मालकीच्या अशा उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, त्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, रेल्वेचीही आहेत. सरकारी खरेदीच्या जेम या ऑनलाइन पोर्टलवरची ही खरेदी कागदावर चालते, तिथे कोण किती छान बोलते याला गुण नाहीत. मात्र चार मशीनच्या बळावर आजच मोठी निविदा भरू नका.

एक गोष्ट विचारून ठेवते. भावाची किंवा भेटीची नुसती कल्पना करून छाती धडधडणे, रात्र रात्र झोप न लागणे, आलेले फोन बंद करून ठेवणे असे होत असेल, तर तो केवळ अबोल स्वभाव नाही आणि त्यावर उपचार असतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येते.

आता १५० जोडांचा प्रश्न. मोठ्या मागणीसाठी पूर्ण तागे घेतल्यास कापड ११४ रुपये मीटरने मिळेल असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तुमच्या मजुरीसह जोड साधारण ६२८ रुपयांना पडेल. ६५० मध्ये तीन आठवड्यांच्या कामाचे सगळे मिळून ३,३०० रुपये सुटतील, आणि पैसे दोन महिने रखडले तर तेही उरणार नाहीत. ७१० ला हीच रक्कम १२,३०० होते. निम्मी रक्कम, म्हणजे ५३,२५० रुपये, आगाऊ मिळाली तर जवळजवळ सगळ्या कापडाचे पैसे त्यातच निघतात. तुम्ही स्वतः जा, पण त्याआधी हे लिहून पाठवा: “आपल्या मागणीप्रमाणे टेरिकॉट स्क्रबच्या १५० जोडांचा भाव प्रति जोड ७१० रुपये राहील. निम्मी रक्कम मागणीसोबत, उरलेली माल पोहोचल्यापासून ३० दिवसांत. मापे आणि आगाऊ रक्कम मिळाल्यापासून २१ दिवसांत माल देईन. ६५० च्या आसपास बसवायचे असल्यास हलक्या कापडाचा वेगळा नमुना दाखवू शकते. बुधवारी सकाळी ११ वाजता नमुने घेऊन येऊ का?” भेटीत फाइल उघडा आणि भाव पुन्हा विचारला तर हाच आकडा पुन्हा सांगा. तुमची खालची मर्यादा ६९० ठेवा, तीही निम्मी रक्कम आगाऊ मिळणार असेल तरच. ते ६५० वरच अडून बसले तर आभार मानून नमुना त्यांच्याकडे ठेवून या, आणि हो म्हणाले तरी रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय गांधीबागेतून तागा उचलू नका.